बर्फवाल्याची गोष्ट आधी कुणी सांगितली

१७ नोव्हें., सोम.

दिवाळीची सुट्टी संपली म्हणे. होती कधी? अर्धी मतदारयाद्या काखोटीला मारून सिडकोत दारोदार हिंडण्यात गेली ("साहेब घरी नाहीत", हे खुद्द साहेबच सांगतात), उरलेली पेपर तपासण्यात. आज सकाळी सातला दहावी ब चा जादा तास. थंडी मरणाची. गंगापूर रोडवर सगळी माणसं नाकातोंडाला गुंडाळून चाललेली, कोण कोण ते ओळखू येत नव्हतं. बरं वाटलं.

तास ठीक झाला. पोरं नको इतकी शांत. काय घेतलं ते लिहायला बसलो तर पटकन आठवेना. उष्णताच असणार. विज्ञान भाग दोन उरकला, भाग एक लोंबकळतोय, त्यामुळे दुसरं काय घेणार.

शिक्षकखोलीत आहेर मॅडम. आल्या आल्या प्रश्न, "सर, दहावी ब ला कुठपर्यंत आलात?" तुम्हाला काय करायचंय, बाई? तुमच्याकडे आठवी-नववीचं विज्ञान, तुम्ही तुमचं बघा. म्हणालो नाही. "चाललंय" एवढंच म्हणालो. इतकी वर्षं झाली त्यांना इथे, दहावी काही मिळाली नाही अजून. लक्षात ठेवायला हवं.

(इथून पुढे त्यांना आ. म्हणेन. ही वही जुन्या गाईडांच्या ढिगात ठेवतो. तिथे बायको, म्हणजे वैशाली, झाडू मारायलाही जात नाही. तरीपण.)

१९ नोव्हें., बुध.

आज एक भलतंच झालं. नीट लिहून ठेवतो.

अप्रकट उष्मा घेतला. माझा हुकमी तास. कारण त्यात बर्फवाला आहे. वडील मनमाडला रेल्वेत होते. तिथे प्लॅटफॉर्मवर एक चाचा लिंबूसरबत विकायचे, बर्फाची लादी भुशात, वर गोणपाट. एका ऐटबाज पाशिंजराने विचारलं, "चाचा, बर्फ ताजा है क्या?" चाचा शांतपणे म्हणाले, "कल तक तो पानी था, साब." वडिलांनी स्वतः ऐकलेलं. वर्ग हसतो. हसू ओसरायच्या आत मी विचारतो, पाण्याचा बर्फ होताना उष्णता गेली कुठे? की गाडी रुळावर. इतकी वर्षं झाली, कधी फुकट गेलं नाही.

आज "ताजा है क्या" म्हणालो, थांबलो (थांबण्यातच सगळं आहे), आणि मागच्या बाकावरून साहिल पुटपुटला, "कल तक तो पानी था, साब." मॉनिटर तन्वीने मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं एकदम चिडीचूप. मग मी ते वाक्य म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. पण उशिरा. आणि एकदम. सांगून ठेवल्यासारखा.

ही गोष्ट पुस्तकात नाही, गाईडात नाही. मोठ्या भावंडांकडून ऐकली म्हणावं, तर साहिल घरात थोरला. वर्गाबाहेर ती मी एकदाच सांगितली, शिक्षकखोलीत, चहाच्या वेळी. समोर आ. बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

म्हणजे माझ्या वर्गात जाऊन कुणीतरी माझा पाठ शिकवून आलंय. माझ्या गोष्टीसकट.

२१ नोव्हें., शुक्र.

आज तीन शिक्षक रजेवर. सुमनताई शिपाई बदली तासांच्या चिठ्ठ्या घेऊन सगळीकडे फिरली. चित्रकलेच्या सरांना मिळाली, पीटीच्या सरांना मिळाली, आ. ना तर दोन. मला नाही. परवाही नव्हती. आठवून बघितलं तर दिवाळीआधीपासूनच नाही.

दुसरा कुणी असता तर नारळ फोडला असता. मोकळा तास कुणाला नको? पण फुकटचं मिळालं की आधी वास घ्यावा. चिठ्ठ्या लिहितात पर्यवेक्षक देवरे. माझा जुना मित्र, आम्ही एकत्र लागलो. त्याला विचारलं, माझं नाव का नाही रे? तर म्हणाला, "असू दे ना. बैस जरा." आणि फोन आला नसताना फोन कानाला लावून निघून गेला.

माझं काम कमी दाखवायचं. मग म्हणायचं, बोरसेंना पुरेसं काम नाही, पाठवा यांना घोटीच्या शाखेत. मागे एका सरांना तिकडे 'तात्पुरतं' पाठवलं होतं. ते अजून तात्पुरतेच आहेत. गाव चांगलं आहे, तांदूळ चांगला मिळतो, मला काही म्हणायचं नाही. पण दहावी गेली की माझं राहिलं काय? 'बोरसे सरांचं विज्ञान' म्हणून माणसं या शाळेत पोरं घालतात. घालायची, निदान.

२४ नोव्हें., सोम.

दहावी ब च्या फळ्यावर उजव्या कोपऱ्यात नेहमीची चौकट असते. वार, दिनांक, पट, उपस्थिती. मॉनिटर सकाळी भरते. आज त्याखाली नवीन ओळ. "विज्ञान: मागच्या तासाला अप्रकट उष्मा झाला. बर्फवाला झाला."

तन्वीला विचारलं, हे कोणी लिहायला सांगितलं?

"कोणी नाही सर. आम्हीच."

बोलताना माझ्याकडे बघत नव्हती, बुटांकडे बघत होती. पंचवीस-तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचतोय. खोटं बोलणारं पोर बुटांकडे बघतं. डस्टर घेतलं आणि ओळ पुसून टाकली.

माझा पोर्शन कुठवर आलाय याची रोजची नोंद कुणाला तरी हवी आहे. येताजाता खिडकीतून वाचता येईल अशी. आणि त्या खिडकीवरून दिवसातून कितीदा तरी कोण जातं? आ.

२५ नोव्हें., मंगळ.

ओळ परत आली. आज "पुढे: विशिष्ट उष्माधारकता" असंही लिहिलेलं. मला शिकवताय का, कुठून पुढे जायचं ते? पुसली नाही. परत पुसली तर खात्री पटेल की मला कळलंय.

(खरं सांगायचं तर आज उपयोग झाला. वर्गात शिरलो तेव्हा डोकं अगदी कोरं होतं. पण तो मुद्दा नाही.)

२९ नोव्हें., शनि.

संस्थेने शिक्षकांसाठी 'ताणमुक्त अध्यापन' कार्यशाळा ठेवली. शनिवारी, शाळा सुटल्यावर, उपाशीपोटी. यायलाच हवं, उपस्थितीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. पाहुण्याने डोळे मिटायला लावले. शेजारचे पीटीचे सर खरंच झोपले, घोरले. त्यांचा तेवढा फायदा झाला.

मग एक प्रश्नावली. "सकाळी शाळेत जाऊ नये असे वाटते का? विद्यार्थ्यांबद्दल पूर्वीसारखी आपुलकी वाटते का? सहकारी आपल्याविरुद्ध आहेत असे वाटते का?" नाव लिहायचं नाही म्हणे. पण अक्षर? इथे प्रत्येकाचं अक्षर प्रत्येकाला पाठ आहे. कोण थकलंय ते आपल्याच हाताने लिहून द्या, मग घोटीची यादी करायला सोपं. मी सगळीकडे खणखणीत ठोकलं. शाळेत जाऊ नये असे वाटते का? कधीच नाही. सहकारी विरुद्ध आहेत का? कधीच नाही.

आ. शेजारी होत्या. कागद झाकलासुद्धा नाही त्यांनी. सगळीकडे 'नेहमी'. शाळेत जाऊ नये असं वाटतं, नेहमी. मला दिसावं म्हणून तर नाही? मी बघून मोकळेपणाने काहीतरी लिहीन, म्हणून? फार पोचलेली बाई आहे.

२ डिसें., मंगळ.

सापळा लावला. काल आ. ना एकटीला गाठून एक गोष्ट सांगितली. मालगाडीचा गार्ड, त्याचा कंदील, वगैरे. सगळी माझ्या मनाची, आधी कुणालाच सांगितलेली नाही. म्हटलं, उद्या पोरांना माहीत असली की झालं, रंगेहाथ.

आज वर्गात विचारलं, गार्डाच्या कंदिलाची गोष्ट माहितीये का कुणाला? सगळ्यांनी माना हलवल्या. तन्वीचा चेहरा उजळला. म्हणाली, "नाही सर. ही नवीन आहे."

सांगितली. पोरं खळखळून हसली. फार दिवसांनी असं हसू ऐकलं.

घरी येताना एबीबी सर्कलच्या सिग्नलला डोक्यात आलं. ही नवीन आहे, म्हणजे? जुनी कोणती मग? मागून हॉर्न वाजायला लागले.

४ डिसें., गुरु.

जेवताना वैशालीला सगळं सांगितलं. फळ्याचा कोपरा, बदली तास, आ. ऐकून घेतलं. पोळी वाढली. मग म्हणाली, "अहो, हे तुम्ही परवाच सांगितलंत मला."

शक्यच नाही. परवा आपण बोललोच नव्हतो, मी लवकर झोपलो होतो. तर म्हणते, सगळं सांगून मगच झोपलात. आ. आणि ही भाजीबाजारात भेटतात, हे मला माहीत आहे. तिनेच हिच्या कानात भरलं असेल, "सर हल्ली विसरतात हो."

आणखी एक निघालं. म्हणे, रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून मी हेल्मेट घालून तसाच बसतो. ती गॅलरीतून बघते. आधी वाटायचं फोनवर आहे. विचारलं, कशाची वाट बघता? मी म्हटलं, इंजिन गार व्हायची. हसली नाही. डोळे भरून आले तिचे. मला राग आला, आणि का आला तेही कळेना. माझ्यावर पाळत का ठेवतेस, असं म्हणून ताट सोडून उठलो. असं कधी केलं नव्हतं मी.

८ डिसें., सोम.

विचारून टाकलं एकदाचं.

आ. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होत्या. आत जाऊन दार लावून घेतलं. मग वाटलं लोक काय म्हणतील, परत उघडलं. म्हटलं, माझ्या माघारी दहावी ब वर कितीदा गेलात?

"एकदाही नाही सर."

मग बर्फवाला पोरांना कुणी सांगितला?

नळ बंद केला त्यांनी. ओढणीला हात पुसले. "तुम्हीच. दिवाळीआधी एकदा. सुट्टी संपल्यावर जादा तासाला एकदा. आणि त्याच आठवड्यात बुधवारी परत."

मी हसलो. मग हसू थांबलं. जादा तासाला काय घेतलं ते आठवलं नव्हतं, हे मीच लिहून ठेवलंय. वर बघा, सतरा तारीख.

पुढचं त्या हळूहळू सांगत गेल्या. दिवाळीआधी देवरेने मला जिन्यात उभं बघितलं होतं. हातात खडू, आणि वर जायचं की खाली ते कळत नाही असा. त्याने विचारलं तर मी म्हणालो, श्वास घेतोय. तेव्हापासून माझे बदली तास तो आणि या वाटून घेतात. बुधवारच्या तासानंतर तन्वी यांच्याकडे आली, काळजीत. सरांनी तोच पाठ तिसऱ्यांदा घेतला, सरांना सांगू का? पण वर्गाने आपसात ठरवून टाकलं होतं की सांगायचं नाही. सरांना वाईट वाटेल. फळ्यावर लिहू, सर वाचतील आणि पुढे जातील. साहिलला दटावून ठेवलं, हसायचं, आणि सरांच्या आधी बोलायचं नाही.

मला का नाही सांगितलंत, म्हटलं.

"तुम्ही ऐकून घेतलं असतंत?"

मग त्या जे म्हणाल्या ते तसंच लिहितो. "दमलेय मी पण सर. सगळेच दमलेत. मी घरी जाऊन रडते. तुम्ही संशय घेता."

निघून आलो. विश्वास बसला असं नाही. पण घरी येऊन सतरा तारखेचं पान परत वाचलं.

९ डिसें., मंगळ.

वर्गालाच विचारायचं ठरवलं. साक्षीदार फुटतात, चाळीस पोरं एकसारखं खोटं बोलू शकत नाहीत. दार लावलं, विचारलं, बर्फवाल्याची गोष्ट तुम्हाला आधी कुणी सांगितली?

तन्वी बुटांकडे बघत होती. खोटं बोलणारं पोर बुटांकडे बघतं, बरोबर. पण दुसऱ्याची लाज झाकणारं पोरही तिकडेच बघतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी साहिल उठला. "सर, तुम्हीच. पण तुम्ही दरवेळी चाचाचा आवाज वेगळा काढता. तिसऱ्यांदाचा बेस्ट होता."

सगळे हसले. हे हसू ठरवलेलं नव्हतं. मी "पाणी पिऊन येतो" म्हणून बाहेर पडलो आणि टाकीमागे उभा राहिलो. लाज वाटली. नोकरीत कधी वाटली नाही एवढी. माझी काळजी घेत होती ती पोरं, आणि मी त्यांच्यात खबऱ्या शोधत होतो.

(तरीपण, दहावी ब इतकी समजूतदार कधीपासून झाली?)

११ डिसें., गुरु.

देवरेने केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, चहा मागवला. म्हणजे मोठं काहीतरी. तो सटाण्याचा, माझी आई तिकडचीच, त्यामुळे मनातलं बोलायचं झालं की तो माझ्याशी अहिराणीत शिरतो.

"बोरसे, तू थकेल शे रे," म्हणाला. थकला आहेस, बस्स.

मग मुद्द्यावर आला. शिल्लक रजा पडून आहे, महिनाभर घे. डॉक्टरला दाखव, झोप. पूर्वपरीक्षेच्या आत परत ये. दहावी ब तोवर आहेर मॅडम सांभाळतील.

आहेर मॅडम सांभाळतील! मी सतरा तारखेपासून दुसरं काय लिहितोय? अगदी हेच. दहावी माझ्या हातातून त्यांच्या हातात. फक्त घोटीऐवजी घर. वाईटावर टपलेला माणूस जे करेल, नेमकं तेच हा चांगुलपणाने करतोय. दोन्हीचा चेहरा एक. ओळखायचं कसं?

विचारलं, परत आल्यावर दहावी मिळेल? "मिळेल की." लिहून देतोस? माझ्याकडे बघत राहिला. "इतक्या वर्षांनी माझ्याकडून लिहून घेणार तू?" वाईट वाटलं त्याला. मलाही.

अर्ज लिहिला. खिशात आहे. दिला नाही.

१३ डिसें., शनि.

डॉक्टरकडे वैशाली घेऊन गेली. शेजारी बसून सगळं तिनेच सांगितलं, मी फक्त बीपी दाखवलं. विसरण्याचं काही दुखणं वाटत नाही म्हणे, पण तपासण्या करू. झोप किती, जेवण किती, शेवटचं कधी मजा आली शिकवताना? मी म्हटलं, गार्डाच्या कंदिलाच्या दिवशी. डॉक्टरांना काही कळलं नाही. वैशालीला कळलं, तिने माझा हात धरला. डॉक्टरांसमोर. मी काढून घेतला नाही.

तिथून शाळेत गेलो. आ. ना गाठून सरळ विचारलं, तुम्हाला दहावी हवी आहे ना?

"हवी आहे सर. पहिल्या दिवसापासून हवी आहे," म्हणाल्या. "पण अशी नको."

बघा, होतीच हवी! माझा संशय अगदीच वेड्याचा नव्हता. पण हे ऐकून चिडायच्या ऐवजी गाठच सुटल्यासारखं झालं. 'छे छे सर' म्हणाल्या असत्या तर मी अर्ज फाडला असता. पाठ कुठवर झाले ते सांगायला बसलो. मधे दोनदा अडलो. त्या घाई करत नव्हत्या.

शेवटी विचारलं, बर्फवाला सांगणार का वर्गात? "नाही. तो तुमचा," म्हणाल्या.

अर्ज देवरेच्या टेबलावर ठेवला. मागे वळून न बघता जिना उतरलो. अर्ध्यात थांबून एकदा बघितलं.

१५ डिसें., सोम.

रजेचा पहिला दिवस. सवयीने पहाटे उठलो, तयार होऊन खाली गेलो, गाडीवर बसलो, हेल्मेट घातलं. मग आठवलं. तसाच बसून राहिलो. वैशाली खाली आली, काही न विचारता मागे बसली आणि म्हणाली, चला. कुठे? मिसळ खायला. शाळेचा रस्ता सोडून कुठल्याही बाजूला.

मिसळ तिखटजाळ होती. नाक गळेपर्यंत खाल्ली. पहिल्या तासाची वेळ झाली तेव्हा हात आपोआप खिशात खडू शोधायला गेला. वैशालीने बघितलं. माझ्या वाटीत रस्सा ओतला.

तेवढ्यात फोनवर आ. चा फोटो. दहावी ब चा फळा, उजवा कोपरा. वार, दिनांक, पट, उपस्थिती. त्याखाली, "विज्ञान: उष्णता पाठ संपला. पुढची गोष्ट सर आल्यावर. सर येणार:" आणि त्यापुढे रिकामी जागा.

परत परत वाचलं. पाव तोंडात होता म्हणून निभावलं.

मग फोटो मोठा करून बघितला. अक्षर तन्वीचंच. तिचा 'र' असाच असतो, शेपटी लांब. पण मनाने लिहिलंय की लिहून घेतलंय? आ. ना विचारायला 'हे कोणी लिहायला सांगितलं' एवढं टाइप केलं. खोडलं. वैशालीला फोटो दाखवला. ती म्हणाली, तारीख काय कळवायची त्यांना?

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. आणखी एक पाव मागवला.